पास आणि फेरी : महाराष्ट्रातील लाभार्थ्यांच्या एसटी प्रवासाचा इतिहास

कल्याणकारी राज्य ज्या सेवा देते त्या कचेरीत, दवाखान्यात किंवा शाळेत दिल्या जातात, आणि त्या घेणारा माणूस बहुधा तिथून बराच दूर, एखाद्या वाडीवर किंवा पाड्यावर राहतो. निराधार योजनेचे अनुदान तालुक्याच्या बँकेत जमा होते, दिव्यांगत्वाची तपासणी जिल्हा रुग्णालयात होते, माध्यमिक शाळा बाजाराच्या गावी असते आणि डायलिसिसचे यंत्र त्याहूनही पुढच्या शहरात असते. सरकारी भाषेत ज्याला लाभार्थी म्हणतात, म्हणजे योजनेच्या निकषांत बसून तिचा लाभ घेण्यास पात्र ठरलेली व्यक्ती, तिला हे अंतर कापता आले नाही तर योजना कागदावर मंजूर असूनही तिच्या आयुष्यात उतरत नाही. महाराष्ट्राने या अंतरावर शोधलेले मुख्य उत्तर म्हणजे एसटीच्या तिकिटातील सवलत. गेल्या पाऊणशे वर्षांत भाडे पायरीपायरीने कमी होत अनेकांसाठी शून्यावर आले, पण गाडी केव्हा सुटावी आणि कोणत्या गावावरून जावी हा निर्णय लाभार्थ्याच्या गरजेनुसार क्वचितच झाला, आणि या व्यवस्थेचे यश व अपयश या दोन्हींचे मूळ तिथेच आहे.

मोटार येण्यापूर्वी अंतरावरचा उपाय प्रवास हा नव्हता, मुक्काम हा होता. खेड्यातील मुलाला शिकायचे असेल तर त्याने शहरात येऊन राहावे, माधुकरी मागावी किंवा आठवड्यातील प्रत्येक दिवशी एकेका घरी ‘वार लावून’ जेवावे, ही जुनी रीत होती. परंतु ती मुख्यतः ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरती होती आणि बहुजन समाजातील मुलांना तिचा आधार नव्हता. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात कोल्हापुरात १९०१ पासून निरनिराळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी जी वसतिगृहे उभी राहिली, आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करून पुढे १९२४ मध्ये साताऱ्यात जे सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू केले, त्यांचे सामाजिक महत्त्व सर्वपरिचित आहे. ती अंतराच्या प्रश्नावरचीही उत्तरे होती, हे मात्र सहसा नोंदवले जात नाही. आदिवासी भागांतील आश्रमशाळा हे त्याच विचाराचे पुढचे रूप होय. या उपायाची एक किंमत होती: मूल घरापासून तुटत असे, आणि मुलींच्या बाबतीत तर बहुतेक कुटुंबे त्याला तयारच होत नसत. रोज जाऊन रोज परत येता येईल अशी वाहतूक उपलब्ध झाल्यावरच हा पेच सुटण्याची शक्यता निर्माण झाली.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत खाजगी मोटारी धावू लागल्या आणि लोक त्यांना ‘सर्व्हिस मोटार’ म्हणू लागले. परंतु त्या जिथे प्रवासी मिळतील तिथे जात, गाडी भरल्याशिवाय सुटत नसत आणि आडवाटेच्या गावांकडे फिरकत नसत. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने परवान्यांची शिस्त लावली, पण तोट्याच्या मार्गावर गाडी चालवण्याची सक्ती परवाना कोणावरही करू शकत नव्हता. मराठवाड्यात चित्र थोडे निराळे होते, कारण निजामाच्या राज्यात रेल्वेच्या रस्ते वाहतूक विभागाने १९३२ मध्येच २७ बसगाड्यांनिशी सरकारी सेवा सुरू केली होती. मुंबई प्रांताच्या सरकारी सेवेची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी अहमदनगरहून पुण्यास निघाली आणि राज्य परिवहन, म्हणजे आजची एसटी, अस्तित्वात आली. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाल्यावर पुढच्या वर्षी मुंबई, मराठवाडा आणि विदर्भ या तिन्ही भागांतील सरकारी बससेवांचे एका महामंडळात एकत्रीकरण झाले.

या महामंडळाची घडण ज्या १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याने झाली, त्यातील तीन कलमे पुढील सर्व घडामोडींच्या मुळाशी आहेत. अठराव्या कलमाने कार्यक्षम, पुरेशी, किफायतशीर आणि योग्य रीतीने समन्वित अशी रस्ते वाहतूक उत्तरोत्तर पुरवणे हे महामंडळाचे कर्तव्य ठरवले. बाविसाव्या कलमाने व्यवहार मात्र व्यापारी तत्त्वांवर करावा असे सांगितले. आणि चौतिसाव्या कलमाने राज्य सरकारला महामंडळास सर्वसाधारण सूचना देण्याचा अधिकार दिला. कर्तव्य सेवेचे, हिशेब व्यापाराचा आणि आदेश सरकारचा, अशी ही त्रिकोणी रचना आहे. गावाला एसटी हवी, पण त्या फेरीचे भारमान, म्हणजे एकूण आसनक्षमतेच्या तुलनेत प्रत्यक्ष मिळालेल्या प्रवाशांचे प्रमाण, कमी आहे, हा आगारात नित्य ऐकू येणारा युक्तिवाद या कलमांच्या परस्पर ताणातूनच जन्मला आहे.

सवलतीचे तंत्र या ताणावरची तडजोड आहे. एखाद्या समाजगटाला कमी भाड्यात किंवा विनामूल्य प्रवास द्यावा असे सरकार ठरवते, वाहक तसे तिकीट देतो, आणि सोडून दिलेल्या भाड्याची रक्कम सरकार महामंडळाला भरून देते. या भरपाईला सवलतमूल्याची प्रतिपूर्ती म्हणतात. शाळकरी मुलगी, क्षयरोगी आणि वृद्ध शेतकरी यांच्या योजना निरनिराळ्या विभागांच्या असतात, तरीही ते तिघे एकाच साध्या गाडीत, एकाच वाहकाकडून तिकीट घेऊन प्रवास करतात. प्रत्येक विभागाला आपापली वाहने बाळगावी लागत नाहीत. समन्वय हा शब्द क्वचितच उच्चारला गेला असला तरी हा समन्वयच होता, आणि तो स्वस्त व टिकाऊ ठरला.

सवलतींचे प्रकार वाढत वाढत तीसच्या घरात गेले, आणि त्यांची यादी क्रमाने वाचली तर राज्याने कोणत्या काळी कोणाचे ऋण मानले आणि कोणाची गरज ओळखली याचा एक इतिहासच समोर येतो. स्वातंत्र्यसैनिक त्यात आहेत, दलितमित्र आणि आदिवासी सेवक पुरस्काराचे मानकरी आहेत, अर्जुन आणि शिवछत्रपती पुरस्कार मिळवणारे खेळाडू आहेत, अधिस्वीकृतीधारक पत्रकार आहेत. आषाढी एकादशीला पंढरपुरात शासकीय महापूजेचा मान मिळणाऱ्या वारकरी दांपत्यालाही वर्षभराचा मोफत पास दिला जातो. सन्मान म्हणून दिलेली सवलत आणि गरज म्हणून दिलेली सवलत या दोन्ही एकाच यादीत, एकाच कार्यपद्धतीने नांदतात. त्यामुळे सवलतीचा पास दाखवणे एसटीत कधी कमीपणाचे ठरले नाही, ही या व्यवस्थेची फारशी न बोलली गेलेली पुण्याई होय.

या यादीतील एक नोंद विशेष लक्ष देण्याजोगी आहे, कारण तिच्यात प्रवासी नाहीच: विद्यार्थ्यांचे जेवणाचे डबे. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी खोली घेऊन शिकणाऱ्या मुलासाठी घरची आई सकाळी भाकरी, कालवण आणि चटणी डब्यात भरी, डबा फडक्यात घट्ट बांधी, त्यावर नाव घातलेले असे, आणि घरातले कोणीतरी तो गावातून सुटणाऱ्या पहिल्या गाडीत नेऊन ठेवी. बसस्थानकावर मुले गाडीची वाट पाहत थांबत, आपापला डबा ओळखून उचलत आणि कालचा रिकामा डबा परतीच्या गाडीत ठेवत. या वाहतुकीचे भाडे एसटी घेत नसे. वार लावून जेवण्याची गरज ज्या पिढीत संपली, त्या पिढीच्या शिक्षणात या डब्यांचा वाटा मोठा आहे, आणि त्याचे श्रेय शिष्यवृत्त्यांच्या जोडीने ठरलेल्या वेळी येणाऱ्या गाडीलाही द्यावे लागते. गाडी अनियमित झाली असती तर डबा मोफत असूनही मूल उपाशी राहिले असते.

विद्यार्थ्यांच्या मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे विद्यार्थी भाड्याचा एक तृतीयांश भाग भरतो. मुलींच्या बाबतीत एवढे पुरेसे ठरले नाही. बारावीपर्यंत मुलींची फी माफ झाली, तरी गावात सातवीपर्यंतच शाळा असेल तर पुढे रोजच्या जाण्यायेण्याचा खर्च उरतच असे, आणि घरात एकाच पासाचे पैसे असतील तर तो पास मुलाच्या वाट्याला जाई. १९९६ मध्ये सुरू झालेल्या अहिल्याबाई होळकर योजनेने ग्रामीण भागातील पाचवी ते दहावीच्या मुलींना मोफत पास दिला, आणि पुढे ही मर्यादा बारावीपर्यंत वाढवण्यात आली. राज्याच्या सवलतींपैकी सर्वांत दूरगामी परिणाम करणारी सवलत निवडायची झाल्यास या पासाकडेच बोट दाखवावे लागेल, कारण त्याने घरातील निवडीचा प्रश्नच काढून टाकला: मुलीला शाळेत पाठवल्याने प्रवासाचा एक पैसाही वाढत नाही असे झाल्यावर तिला घरी ठेवण्याचे एक मोठे कारण नाहीसे झाले.

रुग्ण आणि दिव्यांग यांच्या सवलतींत मात्र व्यवस्थेची मर्यादा अधिक ठळकपणे दिसते. कर्करोग, क्षयरोग आणि कुष्ठरोग यांच्या रुग्णांना भाड्यात मोठी सूट आहे; २०१८ मध्ये सिकलसेल, हिमोफिलिया, एचआयव्ही आणि डायलिसिसच्या रुग्णांसाठी साध्या गाडीतील प्रवास मोफत करण्याचा निर्णय झाला. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार विदर्भातील आणि सातपुड्यालगतच्या आदिवासी समाजांत मोठ्या प्रमाणावर आढळतो, आणि या भागांतील अनेक पाडे डांबरी रस्त्यापासूनही दूर आहेत, हे ध्यानात घेतले की या निर्णयाचे मोल कळते. तरीही डायलिसिसच्या रुग्णाला आठवड्यातून दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास यंत्राला जोडून राहावे लागते, आणि उपचार संपल्यावर अंगात त्राण उरत नाही. त्याची उपचाराची पाळी दुपारची असेल आणि गावाकडची शेवटची गाडी त्याआधी सुटत असेल, तर मोफत पास खिशात ठेवून त्याला बसस्थानकावर रात्र काढावी लागते किंवा खाजगी जीपला पैसे मोजावे लागतात. पाळ्यांचे वेळापत्रक रुग्णालय ठरवते, गाड्यांचे आगार ठरवते, आणि या दोघांनी एकमेकांना विचारावे असा नियम कुठेही नाही.

दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सूट मिळते आणि दिव्यांगत्व तीव्र असल्यास साथीदारालाही सवलत मिळते. त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचा वैद्यकीय दाखला लागतो, आणि तो देणारे मंडळ ठरावीक दिवशी बसते. म्हणजे सवलत मिळण्यापूर्वीचे सारे हेलपाटे पूर्ण भाड्याने करावे लागतात, आणि ज्याला चालता येत नाही त्याच्याबरोबर जाणाऱ्या माणसाची मजुरीही बुडते. गाडीच्या आत दर्शनी आसनांवर राखीव असल्याची अक्षरे रंगवलेली असतात, परंतु त्या आसनापर्यंत पोचण्यासाठी दारातल्या उंच पायऱ्या चढाव्या लागतात. सार्वजनिक वाहने दिव्यांगांना वापरता येतील अशी असावीत ही अपेक्षा १९९५ च्या कायद्याच्या चव्वेचाळिसाव्या कलमात होती, पण तिला आर्थिक क्षमतेच्या मर्यादेची अट जोडलेली होती. २०१६ च्या कायद्याने ही तरतूद विस्तृत केली, तरी ग्रामीण मार्गावरील साध्या गाडीची पायरी अजून उंचच आहे. भाडे कमी करणे हा कागदावरचा निर्णय असतो आणि पायरी खाली आणणे हा कारखान्यातला, आणि सामाजिक न्यायाच्या प्रश्नात दुसऱ्या प्रकारचे निर्णय मागे पडतात, हे इथे स्पष्ट दिसते.

या संदर्भात अमेरिकेतील अनुभवाची तुलना उपयोगी आहे, कारण तिथे अडचण नेमकी उलट दिशेने आली. १९६० च्या दशकात वृद्ध, गरीब आणि आजारी नागरिकांसाठी निघालेल्या अनेक योजनांनी आपापल्या लाभार्थ्यांसाठी स्वतंत्र वाहने ठेवली, आणि १९७७ मध्ये तेथील संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने मोजदाद केली तेव्हा प्रवासावर खर्च करणारे ११४ केंद्रीय कार्यक्रम आढळले. एकाच रस्त्यावरून तीन कार्यक्रमांच्या तीन अर्ध्या रिकाम्या गाड्या जाव्यात आणि चौथ्या माणसाला एकीतही बसता येऊ नये, अशी ती अवस्था होती. फ्लोरिडा राज्याने १९७९ मध्ये समन्वयाचा कायदा केला, २००४ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने केंद्रीय विभागांची समन्वय परिषद नेमली गेली, आणि पुढच्या वर्षीच्या कायद्याने काही अनुदानांसाठी स्थानिक समन्वय आराखडा अनिवार्य केला. महाराष्ट्राने एकच गाडी सर्वांसाठी ठेवून तो अपव्यय टाळला, ही मोठी जमेची बाजू होय. पण अमेरिकी आराखड्यांत लाभार्थी कोठे राहतो आणि त्याला केव्हा निघावे लागते याची जी विचारणा होते, ती इथे झाली नाही.

एक अपवाद मात्र झाला, आणि तो अभ्यासण्यासारखा आहे. मानव विकास कार्यक्रमात २०११-१२ पासून २२ जिल्ह्यांतील १२५ मागास तालुके निवडण्यात आले आणि तेथील मुलींना शाळेत नेण्यासाठी प्रत्येक तालुक्याला ५ बसगाड्या देण्यात आल्या. पुढे ही संख्या ७ पर्यंत वाढली. गाड्या विकत घेण्याचा पैसा कार्यक्रमाने दिला, चालवण्याचे काम एसटीने केले, आणि रोजच्या लाल गाड्यांहून वेगळ्या ओळखू याव्यात म्हणून त्यांना निळा रंग देण्यात आला. शाळेपासून जवळ राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकल आणि लांब राहणाऱ्या मुलींना बस, अशी विभागणी होती. शिक्षणहक्क कायद्याची जबाबदारी वयाच्या चौदाव्या वर्षी, म्हणजे साधारण आठवीपाशी संपते, आणि त्यानंतरचा प्रवास कोणाच्याच कर्तव्यात बसत नव्हता. नेमकी ती पोकळी या योजनेने भरून काढली.

तिचे खरे नावीन्य मोफत प्रवासात नाही, कारण मोफत पास आधीपासून होता. या योजनेत शाळा भरण्याची आणि सुटण्याची वेळ आधी धरली गेली, मुली कोणत्या गावांतून येतात हे पाहिले गेले, आणि त्यावरून गाडीचा मार्ग आखला गेला. फेरी लाभार्थ्यासाठी बनली, लाभार्थ्याने फेरीशी जुळवून घ्यावे ही अपेक्षा उलटली. या गाड्यांच्या बाबतीत तक्रारीही झाल्या: गाडी बिघडली की बदली गाडी मिळत नसे, पावसाळ्यात रस्ता खचला की फेरी बंद होई, आणि इतर मार्गावर गाडी कमी पडली की निळी गाडी तिकडे वळवली जाई. या तक्रारींमुळे योजनेचे तत्त्व खोटे ठरत नाही. ते तत्त्व राबवायला गाडीच्या खरेदीइतकीच तिच्या वेळेचीही राखण करावी लागते, एवढेच त्यांतून दिसते.

२०२१ च्या ऑक्टोबरअखेर सुरू होऊन २०२२ च्या एप्रिलपर्यंत चाललेल्या एसटी कर्मचाऱ्यांच्या संपाने सवलतीचे परावलंबन उघडे पाडले. करोनानंतर शाळा उघडल्या होत्या, पासांची योजना जशीच्या तशी होती, आणि तरीही गाडी नसल्यामुळे असंख्य मुली घरी राहिल्या. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांत वेतनाचा प्रश्न प्रमुख होता, आणि तो या सामाजिक प्रवासाच्या इतिहासाबाहेरचा मानता येणार नाही, कारण कल्याणकारी राज्याचा शेवटचा हात बहुतेक लाभार्थ्यांसाठी हा वाहकाचाच हात असतो.

संपानंतर सवलतीचा विस्तार वेगाने झाला. २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांचा प्रवास मोफत झाला, आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धे तिकीट लागू झाले. आता वाहकाच्या यंत्रातून शून्य मूल्याचे तिकीटही छापून बाहेर येते, कारण न घेतलेल्या भाड्याचीही नोंद झाल्याशिवाय प्रतिपूर्ती मागता येत नाही. या निर्णयांनी गाड्या भरल्या, बाजाराला, माहेरी आणि देवदर्शनाला जाणाऱ्या बायकांना स्वतःच्या बळावर निघता आले, आणि हे स्वागतार्हच आहे. पण प्रतिपूर्तीवर महामंडळाचे अवलंबित्वही त्यामुळे वाढले. राज्य एका हाताने तिकिटावर १७.५ टक्के प्रवासी कर घेते आणि दुसऱ्या हाताने सवलतीची भरपाई देते. भरपाई रखडली की नवी गाडी घेणे लांबते, जुन्या गाड्या रस्त्यात बंद पडतात, आणि सर्वांत आधी रद्द होते ती कमी भारमानाची खेड्यातली फेरी, म्हणजे सवलतीची सर्वाधिक गरज असलेल्यांची.

फेरी ठरण्याची रीत आजही बव्हंशी जुनीच आहे. ग्रामपंचायत ठराव करते किंवा मुख्याध्यापक पत्र देतात, आगार व्यवस्थापक चालक-वाहकांच्या कामाचे तास आणि हाताशी असलेल्या गाड्या यांचा मेळ घालून फेरी बसवतो, आणि मिळकत घटली की ती बंद करतो. जुन्या मुक्कामी गाडीत, म्हणजे रात्री गावात थांबून पहाटे तालुक्याकडे निघणाऱ्या गाडीत, लाभार्थ्याच्या दिवसाचा विचार आपोआप झालेला होता: सकाळी कचेरी उघडण्यापूर्वी तालुक्याला पोचावे आणि संध्याकाळी त्याच गाडीने घरी यावे. अशा मुक्कामी गाड्या जिथे बंद पडल्या, तिथे सवलतीची टक्केवारी वाढूनही कचेरीतले काम एका दिवसात उरकेनासे झाले. जून २०२४ मध्ये विद्यार्थ्यांचे पास आगाराच्या रांगेऐवजी थेट शाळेत देण्याची पद्धत महामंडळाने सुरू केली. त्या निमित्ताने कोणत्या गावातून किती मुले येतात याची यादी शाळेकडून आगाराकडे जाऊ लागली आहे; तशीच यादी रुग्णालयाच्या डायलिसिस कक्षाकडून, दिव्यांग तपासणीच्या शिबिराकडून आणि तहसील कचेरीकडून गेली, तर फेरीची वेळ ठरवण्यास आगाराला मिळकतीखेरीज दुसराही आधार मिळेल.